कोहेरंट रिसीव्हर कॅलिब्रेट करताना ट्यूनेबल लेसरकडून नेमकं काय घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी दोन ट्यूनेबल लेसर, सुमारे ४० गिगाहर्ट्झ बँडविड्थचा ड्युअल-पोलरायझेशन कोहेरंट रिसीव्हर (प्रकाशाची तीव्रता आणि फेज दोन्ही वाचणारा) आणि चार चॅनेलचा रिअल-टाइम स्कोप आहे. कमी सिम्बॉल रेटला सगळं ठीक दिसतं. रेट वाढवला की कॉन्स्टेलेशनचे (सिम्बॉलांच्या नकाशाचे) ठिपके फुगतात, आणि इक्वलायझरचे (सिग्नलमधली विकृती भरून काढणाऱ्या डिजिटल फिल्टरचे) टॅप कितीही वाढवले तरी फरक पडत नाही. हा रिसीव्हर कॅलिब्रेट करायला हे दोन लेसर पुरतील, की आणखी अचूक आणि महागडा लेसर घ्यावा लागेल?

पुरतील. या कामात लेसर अचूक असण्यापेक्षा शांत असणं जास्त महत्त्वाचं आहे. ते पुढे येईलच. आधी टॅप वाढवून काही का होत नाही ते सांगतो, कारण दुखणं तिथेच कळतं.

नेहमीचा बटरफ्लाय इक्वलायझर आय आणि क्यू (सिग्नलचे ९० अंशांनी वेगळे दोन घटक, प्रत्येक आपापल्या लेनमधून, म्हणजे विद्युत वाटेतून येणारा) मिळून एक कॉम्प्लेक्स संख्या धरतो, आणि एक्स व वाय या दोन पोलरायझेशनच्या दोन संख्यांवर चार कॉम्प्लेक्स फिल्टर चालवतो. पोलरायझेशनचं फिरणं, उरलंसुरलं डिस्पर्शन (फायबरमध्ये सिग्नलचं वेळेत पसरणं), दोन्ही लेनला सारखीच असलेली बँडविड्थची घट, हे सगळं त्याच्या आवाक्यातलं आहे. पण क्यू जर आयपेक्षा एखादा पिकोसेकंद उशिरा पोचत असेल, तर स्पेक्ट्रमची एक आरशातली प्रतिमा मूळ सिग्नलवर येऊन बसते. तिला आपण इमेज म्हणतो. आय आणि क्यू यांना वेगळं धरणारी सोयच नसल्यामुळे कॉम्प्लेक्स फिल्टर या इमेजला हात लावू शकत नाही. चार बाय चार रिअल फिल्टरचा इक्वलायझर लावू शकतो, पण तो बहुतेक वेळा डिस्पर्शन भरून काढण्याच्या पायरीनंतर बसतो आणि तोवर ती इमेज सगळीकडे पसरलेली असते. म्हणून रिसीव्हरचा स्क्यू, म्हणजे लेनमधला हा वेळेचा फरक, डीएसपीच्या (डिजिटल प्रक्रियेच्या) दारातच काढावा लागतो, आणि त्यासाठी तो आधी मोजलेला असावा लागतो.

एक पिकोसेकंदाचा स्क्यू १० गिगाहर्ट्झला ३.६ अंश होतो, ४० गिगाहर्ट्झला १४.४ अंश. ५ गिगाहर्ट्झला त्याच स्क्यूची इमेज मूळ सिग्नलच्या ३६ डीबी खाली असते, कुणाच्या नजरेत येत नाही. ४० गिगाहर्ट्झला ती जेमतेम १८ डीबी खाली राहते. कमी रेटला ठीक आणि जास्त रेटला बिघाड, हे लक्षण बहुधा स्क्यूचंच. तुलनेला सांगतो: आय आणि क्यू यांच्यातला कोन ९० ऐवजी ८९ अंश असेल तर इमेज ४१ डीबी खाली असते, कोनात ५ अंशांची चूक असेल तर २७ डीबी. दोन लेनच्या गेनमध्ये अर्ध्या डीबीचा फरक असेल तर ३१ डीबीच्या आसपास. मात्र कोन आणि गेन यांच्या चुका सगळ्या फ्रिक्वेन्सींना साधारण सारख्याच त्रास देतात. वरच्या टोकाला धुमाकूळ घालतो तो स्क्यू.

आता मोजमाप. एक लेसर सिग्नल पोर्टात, दुसरा लोकल ऑसिलेटरच्या, म्हणजे एलओच्या पोर्टात. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत जेवढा फरक, तेवढ्या फ्रिक्वेन्सीचा एकच टोन चारही आउटपुटवर मिळतो. हा आपला बीट. सिग्नल लेसर हळूहळू सरकवत नेला की बीट शून्यापासून ४०-५० गिगाहर्ट्झपर्यंत फिरतो. या पद्धतीचं खरं बळ असं की फोटोडायोडवर पडणाऱ्या बीटचा आकार दोन्ही लेसरच्या पॉवरच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतो, फरकाच्या फ्रिक्वेन्सीवर नाही. ५०० मेगाहर्ट्झचा बीट आणि ४० गिगाहर्ट्झचा बीट प्रकाशात सारखेच मोठे असतात. पुढे जी घट दिसते ती फोटोडायोड, टीआयए (फोटोडायोडनंतरचा अॅम्प्लिफायर), केबल आणि स्कोप यांची. मॉड्युलेटर वापरून हेच करायला गेलात तर आधी मॉड्युलेटरचा रिस्पॉन्स माहीत हवा, आणि तो मोजायला ज्याचा रिस्पॉन्स माहीत आहे असा रिसीव्हर हवा.

आणखी एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. सिग्नल लेसरची पॉवर ०.१ डीबीने हलली तर बीटची विद्युत पॉवरही ०.१ डीबीनेच हलते. साध्या इंटेन्सिटी मॉड्युलेशनच्या मोजमापात हाच फरक दुप्पट होऊन येतो. तरीही ट्यून करताना लेसरची पॉवर बदलतेच, म्हणून सिग्नलच्या वाटेवर एक छोटा टॅप कपलर टाकून पॉवर मीटरचं वाचन प्रत्येक पायरीला नोंदवा आणि त्याने भागा. ही नोंद ठेवायची राहिली तर लेसरच्या पॉवरची वळणं रिसीव्हरच्या नावावर चढतात.

आता अचूकतेचं. १५५० नॅनोमीटरच्या आसपास १ गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ८ पिकोमीटर. लेसरच्या पडद्यावर ०.१ पिकोमीटरची पायरी दिसत असली तरी तिचा अर्थ १२.५ मेगाहर्ट्झ, आणि ही झाली पायरी. खरी वेव्हलेंग्थ पडद्यावरच्या आकड्यापासून काही पिकोमीटर दूर असू शकते. वेव्हमीटर लावला आणि तो दशलक्षात एक भाग एवढा अचूक असला, तरी १९३ टेराहर्ट्झवर तेवढी चूक म्हणजे १९३ मेगाहर्ट्झ. दोन लेसरची दोन वाचनं वजा केली की चूक आणखी वाढते. पण हे सगळं करायची गरजच काय? बीट तुमच्या स्कोपवर समोर दिसतो आहे. त्याचा एफएफटी (सिग्नलची फ्रिक्वेन्सींमधली फोड) घ्या, टोन कुठे आहे ते वाचा, आणि तीच आडव्या अक्षावरची फ्रिक्वेन्सी. स्कोपचा टाइमबेस कोणत्याही वेव्हमीटरपेक्षा या कामाला कितीतरी चांगला आहे. लेसरला फक्त अंदाजे जागा सांगायची; खरं मोजमाप बीटचं. अॅसिटिलीन किंवा हायड्रोजन सायनाइडच्या गॅस सेलशी लेसर ताडून पाहणारे लोक मी पाहिले आहेत. वेव्हलेंग्थचं मोजमाप हेच काम असेल तेव्हा ते योग्यच, पण इथे निव्वळ वेळेचा अपव्यय.

म्हणूनच शांतपणा महत्त्वाचा. बीटची लाइनविड्थ, म्हणजे टोनची फ्रिक्वेन्सीतली रुंदी, ही दोन्ही लेसरच्या लाइनविड्थची बेरीज असते. १०० किलोहर्ट्झच्या आसपासचा एक्सटर्नल-कॅव्हिटी लेसर असेल तर उत्तम. साधा डीएफबी लेसर, काही मेगाहर्ट्झ लाइनविड्थवाला, त्यानेही काम होतं, फक्त टोनचा एकच बिन (एफएफटीचा एक खण) वाचायचा नाही. भोवतालच्या ५० मेगाहर्ट्झमधली सगळी पॉवर जोडायची. पण दोन गोष्टी हमखास नडतात. काही बेंचटॉप लेसरमध्ये मुद्दाम लाइन रुंद करणारं कोहेरन्स कंट्रोल असतं. परावर्तनाचा त्रास कमी करायला ते केलेलं असतं, आणि आधीच्या माणसाने ते चालू ठेवलेलं असतं. ते बंद करा. आयटीएलए प्रकारच्या छोट्या ट्यूनेबल लेसर मॉड्यूलमध्ये वेव्हलेंग्थ लॉक ठेवण्यासाठी फ्रिक्वेन्सी सतत थोडी हलवत ठेवतात, त्याला डिदर म्हणतात. मॉड्यूलमध्ये शांत मोड असेल तर लॉक झाल्यावर तो लावा. नाहीतर बीट स्कोपवर पुढेमागे नाचताना दिसतो आणि माणूस विनाकारण टीआयएवर संशय घेतो.

लेसर चालू करून तासभर तसेच राहू द्या. ट्यून करताना नेहमी एकाच दिशेने या. यांत्रिक ग्रेटिंग फिरवणाऱ्या लेसरला बॅकलॅश (दिशा बदलली की जाणवणारी यांत्रिक ढिलाई) असतो. आणि मोड हॉप. सलग ट्यूनिंगच्या मध्येच लेसर एखाद वेळी उडी मारतो आणि बीट काही गिगाहर्ट्झ सरकतो. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबलेल्या माणसाला तिथे रिस्पॉन्समध्ये पायरी दिसते. बीट मोजणाऱ्याला फक्त दोन बिंदूंमध्ये मोकळी जागा दिसते, आणि ती बिघाड नाही.

मांडणीत ज्या गोष्टी हमखास विसरल्या जातात त्या सांगतो. टीआयएचा गेन आपोआप ठरवणारा मोड बंद करून गेन हाताने ठरवा. तो चालू राहिला तर वरच्या फ्रिक्वेन्सीला टोन कमी झाला की टीआयए गेन वाढवून तुमची घट बुजवून टाकतो, आणि रिस्पॉन्स संशयास्पद सपाट येतो. सिग्नलची पॉवर कमी ठेवा. मी साधारण उणे १० डीबीएमच्या आसपास सुरू करतो, मग ३ डीबीने कमी करून पाहतो: बीटही बरोबर ३ डीबीने उतरला तर आपण सरळ भागात आहोत. एलओ मात्र नेहमीच्या वापरात असेल तेवढाच द्या, कारण फोटोडायोडचा वेग त्याच्यातून वाहणाऱ्या करंटवर थोडा अवलंबून असतो. १३ ते १६ डीबीएमचा एलओ डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. कनेक्टर साफ करताना किंवा तपासताना लेसरचं आउटपुट बंद ठेवा, "एवढ्याने काय होतंय" म्हणू नका. डिफरन्शियल आउटपुटपैकी जे वापरत नाही ते ५० ओहमने बंद करा. आरएफ जोड टॉर्क रेंचनेच आवळा. समाक्षीय केबलमध्ये १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ५ पिकोसेकंद, आणि आपण इथे एका पिकोसेकंदाच्या दहाव्या भागासाठी भांडतो आहोत. केबल एकदा जोडल्या की कॅलिब्रेशन संपेपर्यंत, आणि नंतरच्या प्रयोगातही, त्याच केबल त्याच चॅनेलवर.

स्कोपचाही स्वतःचा स्क्यू असतो. सिग्नल जनरेटरचा एक टोन पॉवर स्प्लिटरमधून दोन चॅनेलला द्या, फेजमधला फरक नोंदवा, मग स्प्लिटरच्या दोन बाहू अदलाबदल करून पुन्हा मोजा. दोन वाचनांच्या सरासरीतून स्कोपचा वाटा निघतो, अर्ध्या फरकातून स्प्लिटरचा. अर्थात तुमचा खरा प्रयोग याच स्कोपवर, याच केबलनी होणार असेल, तर हे वेगळं काढायची गरज नाही. रिसीव्हर, केबल आणि स्कोप मिळून एकच वस्तू समजा आणि तिचं एकत्र कॅलिब्रेशन करा. रिसीव्हरचा आकडा कुणाला अहवालात द्यायचा असेल तरच हा खटाटोप.

प्रत्येक पायरीला चारही चॅनेल एकाच वेळी टिपा. १०० गिगासॅम्पल प्रतिसेकंदाने १० मायक्रोसेकंद घेतले तर दहा लाख सॅम्पल होतात आणि एफएफटीचं रिझोल्यूशन १०० किलोहर्ट्झ मिळतं, एवढं पुरे. फेज काढताना प्रत्येक चॅनेलची फेज स्वतंत्र काढून वजाबाकी करू नका. आय आणि क्यू यांचा क्रॉस-स्पेक्ट्रम (एकाच्या एफएफटीला दुसऱ्याच्या एफएफटीच्या कॉम्प्लेक्स कॉन्जुगेटने गुणून) घ्या, टोनभोवतीच्या पट्ट्यात बेरीज करा, मग तिचा कोन घ्या. लेसरचा फेज नॉइज चारही लेनना सारखाच असतो, तो क्रॉस-स्पेक्ट्रममध्ये कापला जातो. म्हणूनच मेगाहर्ट्झभर रुंद असलेला बीटसुद्धा फेजच्या मोजमापाला चालतो. या एका युक्तीमुळे साध्या लेसरवर इथलं काम होतं.

खालच्या टोकाला ३०० ते ५०० मेगाहर्ट्झपासून सुरू करा. त्याहून खाली मोकळे सोडलेले दोन लेसर एकमेकांजवळ टिकत नाहीत, आणि टीआयए एसी-कपल्ड असेल तर तिथे वेगळाच गोंधळ असतो.

आता मुख्य मुद्दा: स्वीप एलओच्या दोन्ही बाजूंना घ्या. सिग्नल एलओच्या वर असताना, म्हणजे फरक धन असताना, क्यूची फेज वजा आयची फेज अशी येते: उणे ९० अंश, अधिक कोनाची चूक, वजा स्क्यूमुळे आलेला फ्रिक्वेन्सीबरोबर वाढणारा भाग. सिग्नल एलओच्या खाली नेला की: अधिक ९० अंश, वजा कोनाची चूक, वजा तोच स्क्यूचा भाग. कोनाची चूक दोन्ही बाजूंना उलट्या चिन्हाने येते, स्क्यू त्याच चिन्हाने. तेव्हा एकाच अंतरावरच्या दोन वाचनांची सरासरी घ्या, निव्वळ स्क्यू उरतो. वजाबाकी करून निम्मं करा, निव्वळ कोन उरतो. आणि हे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला स्वतंत्रपणे होतं, सरळ रेष बसवण्याची वाट पाहावी लागत नाही. टीआयएची फेज वरच्या टोकाला वाकडी जात असेल तर ती सरासरीच्या आलेखात वाकडी दिसते. कोनाचा आलेख सपाट राहतो.

एका बाजूच्या स्वीपमध्ये रेष बसवून उतार आणि शून्याची किंमत काढता येते, मग दुप्पट काम कशाला, असं मीही म्हणायचो. एका कामात कोनाची चूक ४ अंश निघाली. दुरुस्ती टाकली आणि इमेज कमी होण्याऐवजी वाढली. २९ डीबी खाली होती ती २३ वर आली. तीन दिवस कोड तपासला, फोटोडायोडची जोडणी तपासली, सहकाऱ्याशी वाद घातला. शेवटी कळलं की मी लेसरची वेव्हलेंग्थ वाढवत गेलो होतो आणि मनात फ्रिक्वेन्सी वाढतेय असं धरून बसलो होतो. सिग्नल एलओच्या खाली होता. त्यामुळे क्यू उलटा दिसला. "डिफरन्शियल जोडी उलटी लावली असेल" असं म्हणून मी क्यूचं चिन्ह बदललं, आणि त्या नादात कोनाच्या चुकीचं चिन्हही उलटं झालं. स्क्यू मात्र बरोबर होता, म्हणून संशय येत नव्हता. ४ अंशांची दुरुस्ती उलटी पडली की ८ अंश होतात, आणि ८ अंशांची इमेज बरोबर २३ डीबीला येते. दोन्ही बाजूंचा स्वीप असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

चिन्ह तपासायची साधी रीत: सिग्नल लेसरची वेव्हलेंग्थ एका पायरीने कमी करा. बीटची फ्रिक्वेन्सी वाढली तर सिग्नल एलओच्या वर आहे, कमी झाली तर खाली. मात्र बीट स्कोपच्या नायक्विस्ट मर्यादेच्या (सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या) वर गेला असेल तर हेच उलटं होतं. ८० गिगासॅम्पलच्या स्कोपवर ४२ गिगाहर्ट्झचा बीट ३८ ला दिसू शकतो. म्हणून शून्याजवळून सुरुवात करून पायरी पायरीने वर जा, मधूनच उडी मारून ४५ ला जाऊ नका.

एक्स आणि वाय यांच्यातला स्क्यूही याच माहितीतून निघतो, पण त्यात एक मेख आहे. एक्स आणि वाय यांच्या बीटमधली फेज येणाऱ्या प्रकाशाच्या पोलरायझेशनवरही अवलंबून असते. फायबरला धक्का लागला की ती बदलते. इथेही दोन बाजू उपयोगी पडतात: पोलरायझेशनमुळे आलेली फेज दोन्ही बाजूंना उलट्या चिन्हाने येते, सरासरीत निघून जाते. अट एवढीच की वरचं आणि खालचं वाचन पाठोपाठ घ्या आणि मध्ये फायबर हलू देऊ नका. आधी सगळा वरचा स्वीप आणि दोन तासांनी खालचा, असं केलं तर ही सोय गेली. पॅच कॉर्ड टेबलाला टेपने चिकटवून टाका. सिग्नल पोर्टासमोर पोलरायझेशन कंट्रोलर ठेवून एक्स आणि वाय दोन्हीकडे साधारण सारखा बीट येईल अशी जागा शोधा. अगदी तंतोतंत सारखा नसला तरी चालतो, एक लेन नॉइजमध्ये बुडू नये एवढंच. आणि सिग्नलच्या वाटेत पोलरायझेशन-मेंटेनिंग पॅच कॉर्ड टाकू नका. तिच्या दोन अक्षांमध्ये मीटरला एक-दीड पिकोसेकंदाचा फरक असतो, तो एक्स-वाय स्क्यू म्हणून मोजला जातो आणि सरासरीतही जात नाही. तसली कॉर्ड एलओच्या पोर्टालाच शोभते.

रिस्पॉन्सच्या आलेखात बारीक लाटा दिसल्या तर त्या कुठल्या, हा नेहमीचा प्रश्न. लाटेच्या अंतरावरून परावर्तनाची लांबी काढता येते: १ गिगाहर्ट्झच्या लाटा म्हणजे साधारण १० सेंटिमीटरचा तुकडा. पण फायबरमध्ये प्रकाशाचा वेग आणि चांगल्या समाक्षीय केबलमध्ये सिग्नलचा वेग योगायोगाने जवळजवळ सारखा असतो, निर्वातातल्या वेगाच्या ७० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे लांबीवरून दोषी फायबर की केबल हे सांगता येत नाही. त्याऐवजी एलओ ०.३ गिगाहर्ट्झने सरकवा आणि स्वीप पुन्हा घ्या. लाटा बीटच्या फ्रिक्वेन्सीला चिकटून राहिल्या तर दोष विद्युत बाजूला. तेवढ्याच अंतराने सरकल्या तर प्रकाशाच्या बाजूला, बहुतेक वेळा सिग्नलच्या वाटेतला एखादा मळका कनेक्टर. सरकवायचं अंतर लाटेच्या पूर्ण पटीत नसावं, नाहीतर सरकलेली लाट जागेवरच दिसते. विद्युत लाटा दुरुस्तीत घ्या. प्रकाशाच्या लाटा दुरुस्तीत घेऊ नका, कनेक्टर पुसा.

दुरुस्ती लावताना क्रम पाळा: आधी स्क्यू, मग प्रत्येक लेनचा रिस्पॉन्स, मग गेन आणि कोन, आणि हे सगळं डिस्पर्शनच्या आधी. कोनासाठी हेडेमानने १९८१ मध्ये इंटरफेरोमीटरसाठी मांडलेली लंबवर्तुळ बसवण्याची पद्धत आजही उत्तम चालते: आय आडवा, क्यू उभा काढा, वर्तुळाऐवजी जे तिरकं लंबवर्तुळ दिसतं त्याच्यातून ऑफसेट, गेन आणि कोन तिन्ही निघतात. फक्त हे खालच्या बीटवर करा. ५०० मेगाहर्ट्झला १ पिकोसेकंद म्हणजे ०.१८ अंश, तो सोडून देता येतो. २० गिगाहर्ट्झला तेच लंबवर्तुळ स्क्यूनेही तिरकं होतं आणि दोन चुका एकमेकींत मिसळतात. कोन सरळ करायला ग्रॅम-श्मिट पद्धत डीएसपीत सर्रास वापरतात. ती आयला जागेवर ठेवून सगळी दुरुस्ती क्यूच्या माथी मारते, म्हणून चूक मोठी असेल तर क्यूमध्ये नॉइज जास्त येतो. दोन-चार अंशांसाठी त्याची चिंता नको.

सगळं एका वेव्हलेंग्थला करून थांबू नका. सी बँडच्या दोन टोकांना, १५३० आणि १५६५ नॅनोमीटरजवळ, आणि मध्ये एकदा असं तीनदा करा. हायब्रिडचा (रिसीव्हरमधल्या सिग्नल आणि एलओ मिसळून आय-क्यू वेगळे करणाऱ्या भागाचा) कोन वेव्हलेंग्थबरोबर बदलतो. स्क्यू सहसा बदलत नाही. तीन ठिकाणी स्क्यू वेगवेगळा आला तर रिसीव्हरला दोष देण्याआधी स्वतःच्या मांडणीवर संशय घ्या.

या पद्धतीला जे जमत नाही तेही सांगायला हवं. दोन मोकळ्या लेसरच्या बीटची स्वतःची फेज यादृच्छिक असते, त्यामुळे चार लेनमधला एकमेकांशी असलेला फेजचा फरकच कळतो. चारही लेनना समान असलेली फेज, म्हणजे सामायिक ग्रुप डिले, कळत नाही. ती हवी असेल तर फेज-लॉक केलेला फ्रिक्वेन्सी कॉम्ब (समान अंतरावरच्या अनेक फ्रिक्वेन्सींचा प्रकाश) किंवा ज्ञात पल्स लागेल. पण तुमच्या कामात तो सामायिक भाग इक्वलायझर आपसूक भरून काढतो. त्याला जे जमत नाही तेवढंच आपण मोजतोय. बॅलन्स्ड फोटोडायोड जोडीचं कॉमन-मोड रिजेक्शनही, म्हणजे दोघांना समान आलेला भाग ती किती दाबते तेही, यातून मिळत नाही. त्यासाठी एकाच पोर्टात इंटेन्सिटी मॉड्युलेट केलेला प्रकाश द्यावा लागतो, ते वेगळं मोजमाप आहे.

तुमच्याकडच्या सामानावर हे सगळं एका दिवसात होईल, त्यातला निम्मा वेळ केबल आवळण्यात आणि कनेक्टर पुसण्यात जाईल. स्वीप झाल्यावर आधी एकच आलेख काढा: वरच्या आणि खालच्या बाजूची क्यू-आय फेज, दोन्ही एकाच कागदावर, आडव्या अक्षावर बीटची फ्रिक्वेन्सी चिन्हाशिवाय. दोन समांतर रेषा दिसायला हव्यात, एक उणे ९० जवळून निघालेली, एक अधिक ९० जवळून, दोन्हींचा उतार सारखा. रेषा समांतर नसतील तर स्क्यू काढायला बसू नका. बहुतेक वेळा एका बाजूला बीट नायक्विस्टच्या पलीकडून दुमडून आलेला असतो, किंवा एखाद्या बिंदूला लेसरने मोड बदललेला असतो आणि चुकीच्या बाजूचं वाचन दुसऱ्या ढिगात गेलेलं असतं.